खिडकीखालची कॉट

फोन येतो तेव्हा पलीकडची मुलगी 'खोली आहे का' असं कधी विचारत नाही. 'काकू, कॉट आहे का?' एवढंच विचारते. घराच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला मी पत्र्याची पाटी बांधली आहे, तिच्यावरही तेच लिहिलंय: मुलींसाठी कॉट बेसिस. खाली माझा नंबर. चिखलीपासून चाकणपर्यंत अशा पाट्या इतक्या आहेत की कुणाला त्यात नवल वाटत नाही. गावाहून आलेल्या माझ्या नणंदेला मात्र वाटलं.

"कॉट विकतेस की काय तू?"

"भाड्यानं देते."

"आणि खोली?"

"खोली कॉटबरोबर येते."

ती हसली, पण मी खरं तेच सांगितलं होतं. वरच्या मजल्यावर माझ्या दोन खोल्या आहेत, प्रत्येकीत चार कॉट. मुलीला मिळते ती सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद जागा. कॉटखाली तिची बॅग आणि बादली, डोक्याशी चार्जिंगचा प्लग, भिंतीत दोन खिळे. बाकीचं सगळं सगळ्यांचं. त्यामुळे भांडणं होतात ती पंख्यावरून, बाथरूमवरून, गच्चीतल्या दोरीवरून. कॉटवरून होत नाहीत. दुसरीच्या कॉटवर न विचारता कुणी टेकतसुद्धा नाही. घरी फोनवर बोलताना मुली पत्ताही तसाच सांगतात. "अगं, खिडकीखालची कॉट मिळाली." पलीकडे आई काय समजत असेल कोण जाणे.

मी बार्शीकडची. आमच्या घरात कॉट हा शब्द नव्हता, बाज होती. सुंभानं विणलेली, अंगणात कायम पडलेली. ती कुणा एकाची नव्हती. दिवसा तिच्यावर मिरच्या वाळायच्या, संध्याकाळी वडील बसायचे, पाहुणा आला की पाहुणा बसायचा. थोरली बहीण बाळंतपणाला आली तेव्हा सव्वा महिना बाज तिची झाली, खाली शेगडी ठेवून. ती सासरी गेली, बाजेवर परत मिरच्या आल्या. पलंग हा शब्द माझ्या लग्नात आला, कारण तो वडिलांना द्यावा लागला. सागवानी आहे, अजून हलत नाही. त्याच्या अर्ध्या भागावर मी झोपते. उरलेल्या अर्ध्यावर धुतलेले कपडे घडी घालेपर्यंत पडून असतात, कधी कधी चार-चार दिवस.

आणि खाट. खाट म्हटलं की मला दवाखाना आठवतो. पेपरातही 'शंभर खाटांचं रुग्णालय' असंच लिहितात, जणू बरे व्हायला खाटाच येतात. माझा नवरा शेवटचे नऊ दिवस दवाखान्यात होता. त्या खाटेला नंबर होता आणि नऊ दिवस मलाही तोच. नर्स दारातून हाक मारायची, "अकरा नंबरचे नातेवाईक." मी उठून जायचे. तेराव्याला गुरुजींनी शय्यादान सांगितलं: गादी, उशी, चादर, छत्री, चपला आणि पलंग. मी विचारलं, पलंग न्यायचा कशावर? ते म्हणाले, हल्ली फोल्डिंगची कॉट चालते, रिक्षात बसते. मग तीच आणली. रिक्षात बसली.

याला आठ वर्षं झाली. त्यानंतर वर्षभरात वरचं भाडेकरू कुटुंब स्वतःच्या फ्लॅटमध्ये चऱ्होलीला गेलं. मला पुन्हा कुणाचा संसार डोक्यावर नको होता. दुपारभर पोरं पळणार, रविवारी पाहुणे येणार, आणि मी खाली बसून ऐकणार. कंपनीतल्या मुली बऱ्या. कामाला जातात, झोपायला येतात. गल्लीच्या टोकाला वेल्डिंगचं दुकान आहे. मालक बीडकडचे मुसलमान, वयानं माझ्याएवढेच, पण सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते म्हणून मीही म्हणते. त्यांच्याकडे मी आठ कॉट करायला सांगितल्या.

"दुमजली करा ना वहिनी," चाचा म्हणाले. "तेवढ्याच जागेत आठच्या सोळा होतील."

"वरची खाली आली म्हणजे?"

"येत नाही. माझं वेल्डिंग आहे."

"वेल्डिंग राहील हो वरच. मुलगी खाली येईल."

"तुम्ही धंदा नाही करू शकत वहिनी," ते म्हणाले, आणि एक इंची चौकोनी पाइपच्या आठ साध्या कॉट करून दिल्या. वर सुटा प्लाय, पायांना रबराच्या टोप्या.

मुलींची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. दहा-अकरा महिन्यांनी ट्रेनीचा करार संपतो आणि अर्धी खोली बदलते. म्हणून मी गावावरून हाक मारते. चिपळूणची, अकोल्याची, साक्रीची. त्यांनाही त्यात काही वाटत नाही, आपसातही तसंच बोलतात. नियम फारसे नाहीत. दहाला गेट बंद, गच्चीत मोबाइलवर मोठ्यानं बोलायचं नाही, आणि एक नियम कुणीच केलेला नाही पण सगळ्या पाळतात. मुलगी गावाला गेली की अंथरूण गुंडाळून, जुन्या ओढणीनं बांधून कॉटच्या डोक्याशी ठेवते. वळकटी दिसली की ती येणार. नुसता प्लाय दिसला की कॉट सुटली. बोलण्यावर काही ठरवता येत नाही, कारण कायमची निघालेली मुलगीही दारात 'येते काकू' असंच म्हणते. आपल्यात दुसरं काही म्हणत नाहीत. म्हणून मी वळकटी बघायला शिकले.

हे सगळं सांगायचं कारण औशाची मुलगी.

ती दोन वर्षं माझ्याकडे होती, म्हणजे इतरांच्या मानानं फार. चाकणला गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायच्या कामावर होती. करार संपला की दुसऱ्या ठेकेदारातर्फे त्याच गेटनं आत जायची. चोवीस वर्षांची, बारीक, चालताना पुढं झुकल्यासारखी. तिची कॉट खिडकीखाली. फर्स्ट शिफ्ट असली की चारला यायची, आणि आठवड्यातून दोनदा तरी वाटी घेऊन खाली यायची. विरजण हवं असायचं. विरजण घेतल्यावर लगेच जायची नाही. ओट्याला टेकून दहा मिनिटं उभी राहायची, समोर कोथिंबीर असली तर निवडायची. बोलणं विशेष काही नसायचं. सुपरवायझर कसा ओरडतो, मेसची आमटी कशी पांचट असते. मी माझं काम करत राहायचे. ती गेल्यावर मी गॅस बारीक करून थोडा वेळ नुसतीच उभी राहते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ती वाटी न घेता आली.

"काकू, उद्या गावाकडं जायलेय."

"मध्येच?"

"पाहुणे यायलेत. बघायला."

"मग?"

"मग काय. नाही म्हणून येते."

मी भाकरी थापत होते. विचारलं, "म्हणता येईल?"

"कामून नाही? मुलगा काय करतो तर त्याच्या बापाचं दुकान हाय. तो बसतो का दुकानात, तर नाही. मी तिथं जाऊन काय करू, धुणं? इथं माझं काम हाय, माझी कॉट हाय. मी काही वडलांच्या जिवावर बसलेली नाही."

"हे वडिलांना सांगणार?"

"हेच सांगणार."

ती दारापर्यंत गेली. मग म्हणाली, "दहा-बारा दिवसांत येते. कॉट असू द्या."

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच गेली. टाकी भरली का बघायला मी नऊच्या सुमारास वर गेले, तर खिडकीखालचा प्लाय उघडा. गादी खोलीची, ती उभी करून भिंतीला लावलेली. चादर नाही, गोधडी नाही, उशी नाही. कॉटखाली बादली होती, पण बादल्या सगळ्याच टाकून जातात. मी थोडा वेळ बघत उभी राहिले. मग नळ बंद केला आणि खाली आले.

बारा दिवस झाले, पंधरा झाले. फोन लावला तर बंद. परत लावला, बंद. अठराव्या दिवशी अकोल्याची मुलगी वडिलांबरोबर दारात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिला कंपनीत हजर व्हायचं होतं, आणि वडिलांना त्याच दिवशी परतीची गाडी होती. सकाळपासून दोघं मोशीत फिरून आले होते. वडिलांनी बॅग खाली ठेवली नाही, हातातच धरून विचारलं, "ताई, एखादी कॉट?"

मी विचार न करता दिली असं नाही. विचार केला. बघायला म्हणून गावाला गेलेल्या मुलींपैकी परत आलेली एकही मला आठवेना. सामान नेलेलं होतं, फोन बंद होता. मी अकोल्याचीला वर नेलं आणि खिडकीखालची कॉट दाखवली. तिच्या वडिलांनी हातानं प्लाय दाबून पाहिला आणि मान हलवली.

तेविसाव्या दिवशी दुपारी तीनला गेट वाजलं. औशाची. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात तांदळाची प्लॅस्टिकची पिशवी, तोंडाला सुतळी बांधलेली. माझ्याकडे बघून हसली आणि सरळ जिना चढून गेली. मी खालीच थांबले. अर्ध्या मिनिटात ती जिन्यात दिसली.

"काकू, माझ्या कॉटवर कोण हाय?"

"अकोल्याची. पाच दिवस झाले."

"मी सांगून गेले होते की."

"अंथरूण नेलंस."

ती पिशवीकडे बघायला लागली. "गोधडी उसवली होती. आईकडून टाके घालून आणली. मधी रुई गोळा झाली होती म्हणून उशीबी नेली."

"फोन बंद होता तुझा."

"वडलांनी काढून घेतला होता."

ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. मी आतून पाणी आणलं. तिनं तांब्या घेतला, पण प्यायली नाही. मग सांगितलं, एकेक वाक्य, मध्ये थांबत. पाहुण्यांसमोर ती काही बोलली नव्हती. ते गेल्यावर नाही म्हणाली. रोज नाही म्हणाली. शेवटी वडील म्हणाले, गेलीस तर ह्या घरात परत यायचं नाही. "म्हटलं, नाही येत. माझी कॉट हाय तिकडं."

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. काहीतरी समजावता आलं असतं. ती तांब्या धरून वरच्या खिडकीकडे बघत बसली.

अकोल्याचीला उठवा असं ती म्हणाली नाही, आणि मीही तो विषय काढला नाही. ती पोरगीही कशाची तरी आशा करूनच आली होती. मी म्हटलं, "दुसरी कॉट सुटेपर्यंत खाली राहा माझ्याकडे. हॉलमधला दिवाण रिकामाच असतो."

"भाडं?"

"दिवाणाचं कसलं गं भाडं."

तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, संकोच. आज कळतं की मी तिच्या हातातली शेवटची गोष्ट काढून घेतली होती. कॉटवर झोपणारी मुलगी दुपारी तोंडावर पांघरूण घेऊन आठ तास झोपते, कुणाची हाक ऐकत नाही. दिवाण घराचा असतो. त्याच्यावर टीव्ही बघतात, भाजी निवडतात, लाइटचं बिल टाकून ठेवतात, गॅसवाला आला तर तोही टेकतो. त्याच्यावर झोपणाऱ्याला घर उठायच्या आधी उठावं लागतं, आणि आपण झोपलो होतो याची खूण ठेवता येत नाही. ती रोज पाचला उठून अंथरूण दिवाणाच्या पेटीत घालायची, वर चादर ओढून तक्के लावायची. मी बाहेर यायचे तेव्हा हॉल असा असायचा की रात्री तिथं कुणी नव्हतंच.

पण मला ते दिवस आवडले. हे लिहायला जड जातं, तरी लिहिते. कुणाच्या डब्यासाठी उठायची सवय मोडून आठ वर्षं झाली होती. मी तिच्या पाठोपाठ उठून पोळ्या करायला लागले. ती म्हणायची, राहू द्या काकू, मेसचा मिळतो. मी म्हणायचे, मेसची आमटी पांचट असते. दुपारी चारला मी चहाचं आधण ठेवायचे आणि त्यात दोन कप पाणी घालायचे. संध्याकाळी कुणीतरी दुसऱ्या खोलीत खोकायचं, नळ सोडायचं. माझा मुलगा वाकडला राहतो. रोज फोन करतो, रोज 'जेवलीस का' विचारतो. त्या दिवसांत मी त्याला दोनदा म्हटलं, ठेव, आमचं जेवण व्हायचंय. 'आमचं' म्हणजे कुणाचं, हे त्यानं विचारलं नाही.

ती दर दोन-तीन दिवसांनी विचारायची, "काकू, कुठं कॉट?"

"बघतेय," मी म्हणायचे. खरंच बघत होते. शेजारच्या गल्लीत दोघींकडे विचारलंही. दहा दिवस.

अकराव्या दिवशी चिपळूणची खाली आली. ती दुसऱ्या खोलीत, बाथरूमशेजारच्या कॉटवर. "काकू, मी जातंय. आमच्याकडंच लोट्याला काम मिळालं. गुरुवारी भाऊ न्यायला येतोय."

"बरं झालं," मी म्हटलं. आणि पुढं म्हटलं, "इतक्यात कुणाला बोलू नकोस. पाटी बघून फोन येत राहतात, उगाच गर्दी होते."

तिनं मान डोलावली. त्या संध्याकाळी औशाचीनं विचारलं आणि मी म्हटलं, बघतेय.

गुरुवारी चिपळूणची गेली. औशाची कामावर होती. मी वर गेले. बाथरूमशेजारचा प्लाय उघडा पडला होता. संध्याकाळपर्यंत बाकीच्या बघणार, औशाचीला सांगणार. मी खाली आले, दिवाणाच्या पेटीतून एक जुनी सतरंजी आणि चादर काढली, घट्ट गुंडाळली, कपाटातली एक ओढणी बांधली आणि वर नेऊन त्या कॉटच्या डोक्याशी ठेवली. खोलीतली साक्रीची नाइट करून आली होती. तिनं पांघरुणातून डोकं काढून विचारलं, "नवीन कोण?"

"येणार आहे एक," मी म्हटलं. तिनं डोकं परत आत घेतलं.

मी खाली येऊन वाटाणे सोलले. मनाशी म्हटलं, बाथरूमशेजारची कॉट ओलसर आहे, दिवसभर नळाचा आवाज येतो, तिला तिथं झोप लागणार नाही. खाली काय वाईट आहे? हे मी इतक्यांदा म्हटलं की वाटाणे संपले तरी म्हणतच होते.

रविवारी तिला सुटी. सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. येताना साक्रीचीकडे इस्त्री मागायला खोलीत डोकावली असणार. मी कुकर लावला होता. ती इस्त्री न घेता आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"बाथरूमजवळच्या कॉटवर कुणाचं अंथरूण हाय?"

"नवीन मुलगी येतेय."

"कुठली?"

मला पटकन गाव सुचेना. इतक्या वर्षांत इतकी गावं तोंडात बसलेली, एकही आलं नाही.

"चादर आपली हाय काकू," ती म्हणाली. "मीच धुतली गेल्या रविवारी. तिला कोपऱ्यात इस्त्रीचा डाग हाय."

कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बारीक केला.

"चिपळूणची कधी गेली?"

"गुरुवारी."

"मी शुक्रवारी विचारलं तुमाला. बघतेय म्हणालात."

"हो."

"कामून?"

साधाच प्रश्न होता. उत्तरही साधं होतं, पण ते तोंडातून काढायचं म्हणजे मला स्वयंपाकघरात, तिच्यासमोर, दुसरीच कुणी बाई व्हावं लागलं असतं. मी म्हटलं, "इथं तुला काय कमी आहे?"

"वडील बी हेच म्हणले," ती म्हणाली.

आवाज चढला नव्हता. मी पुसलेला ओटा परत पुसला. तिनं विचारलं, "भाडं तेच हाय ना?"

"तेच."

"मग मी आत्ताच जाते वर."

तिनं अर्ध्या तासात सामान भरलं. फार नव्हतंच. मी जेवून जा म्हटलं नाही. ती बॅग घेऊन गेली, परत येऊन पिशवी घेऊन गेली, परत आली.

"काकू, ती कॉट मी दुसऱ्या भिंतीला घेऊ का? तिथं ओल हाय."

"एकटीला हलायची नाही. थांब, येते."

वळकटीसकट प्लाय काढून आम्ही बाहेर ठेवला. साक्रीचीची कॉट मध्ये येत होती, म्हणून लोखंडी सांगाडा आधी दाराबाहेर काढायचा, जिन्यासमोर वळवायचा आणि दुसऱ्या बाजूनं आत न्यायचा होता. मी पायाकडून धरलं, तिनं डोक्याकडून. दारात तो आडवा मावेना.

"उभी करा," ती म्हणाली. "थोडी माझ्याकडं. अजून. हां."

"हात सांभाळ, चौकट आहे."

"तुमी सोडा, माझ्याकडं आलं वजन."

"सोडत नाही. चल तू."

साक्रीची जागी झाली आणि बसून बघायला लागली. "काकू, तुमची नवीन मुलगी?"

"हीच," मी म्हटलं.

औशाचीनं माझ्याकडे बघितलं नाही. कॉट भिंतीला लागली. एका पायाची रबरी टोपी निघाली होती, ती मला सापडली नाही. मी प्लाय आत आणून बसवला, त्याच्यावरची वळकटी काखेत घेतली.

"भिंतीपासून जरा लांब राहू द्या," ती म्हणाली.

आम्ही दोघींनी ती चार बोटं ओढली.

"आता जा काकू. मी झाडून घेते."

मी जिना उतरले. वळकटी सोडली, चादर धुवायला टाकली, सतरंजी पेटीत घातली. कुकर गार झाला होता. दोघींचा भात होता. अर्धा मी संध्याकाळी फोडणीला टाकला.

ती अजून वरच आहे. पहिल्या तारखेला दारात येते, काकू म्हणते, पैसे देते, कशी आहे विचारलं तर बरी आहे म्हणते. मी दोनदा म्हटलं, आत ये. दोन्ही वेळा तिला घाई होती. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. दिवाळीत ती गावाला गेली नाही. बाकीच्या सगळ्या गेल्या, खोल्या रिकाम्या, वर एकटी ती आणि खाली एकटी मी. मी फराळाचं ताट वर नेलं. तिनं घेतलं, दुसऱ्या दिवशी ताट घासून, पुसून, त्यात चार केळी ठेवून परत आणून दिलं. विरजण ती आता साक्रीचीकडून घेते. साक्रीची माझ्याकडून नेते.

तिनं निवडलेली भिंत माझ्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर येते. टोपी नसलेला तो पाय फरशीवर खरवडतो, त्यामुळे ती उठली की मला कळतं, झोपायला गेली की कळतं. चाचांकडून टोपी आणता येईल, अजून आणलेली नाही. तिची सेकंड शिफ्ट असली की ती सकाळी उशिरापर्यंत झोपते. त्या आठवड्यात मी मिक्सर दहाच्या आत लावत नाही. वरून पाय वाजला की चटणी वाटते.